आखाजीचा हिशेब

अक्षय्य तृतीयेला बाकीचा महाराष्ट्र सोनं घेतो. आमच्या खानदेशात त्या दिवशी साल भरतं. साल म्हणजे सालदाराचं साल, आखाजी ते आखाजी. सकाळी घागर भरायची, तिच्यावर डांगर आणि आंबा ठेवून पितरांना पाणी द्यायचं. दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. पोरींचे लिंबाला झोके, पोरांचे पारावर पत्ते. आणि या सगळ्याच्या मधेच ओट्यावर लाल फडक्यातली चोपडी सोडून मालकाने सालदाराचा हिशेब करायचा.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. अमळनेर तालुक्यात बोरीकाठी आमचं गाव. आजोबांनी हिशेब वाचून दाखवला. ज्वारी इतकी, रोख इतके, धोतरजोडी, पायातले जोडे, घोंगडी, वजा उचल. सालदार मान हलवत ऐकत होता. शेवटी आजोबांनी विचारलं, "औंदा ऱ्हाशी ना?" तो म्हणाला, "सकाय सांगसू." उद्या सांगतो. आणि उठून तो सरळ आमच्या अंगणातल्या लिंबाखाली, आमच्याच बाजेवर जाऊन झोपला. वर्षभर मी त्या माणसाला आमच्या घरात जमिनीखेरीज कशावर बसलेलं पाहिलं नव्हतं.

उन्हं कलल्यावर बैलांना पाणी दाखवायचं होतं. मला त्याला उठवायला धाडलं. मी दंड धरून हलवलं. डोळे न उघडता तो म्हणाला, "आज मी कोनाच नही, भाऊ."

मी पळत जाऊन आजोबांना हे सांगितलं. मला वाटलं, आता ओरडा बसणार. आजोबा हसले आणि स्वतः दावं सोडून बैल घेऊन नदीवर गेले.

या पुस्तकातले लेख गेल्या सहा-सात वर्षांत सुटे सुटे लिहिले गेले. विषय वेगवेगळे वाटतील: बाजार, दवाखाना, सुनेची नोकरी, कापसाचा भाव, निवृत्तीनंतरची दुपार. एकत्र लावताना कळलं की बहुतेक लेख त्या बाजेभोवतीच फिरताहेत. कामाला शेवट कुठे असतो, आणि 'झालं' हे म्हणायचा हक्क कोणाचा, एवढंच मी पुन्हा पुन्हा विचारत आलो आहे. प्रस्तावनेच्या निमित्ताने ते एकदा सलग मांडून पाहतो.

सुखाने कसं जगावं हे सांगणाऱ्या पुस्तकांना आपल्याकडे तोटा नाही. जळगाव स्टेशनवरच्या स्टॉलवर पाहावं, निम्मी फळी त्यांनीच भरलेली असते. त्यातली बरीच अनुवादित, आणि बहुतेकांचा पहिला उपदेश पहाटे पाचला उठण्याचा. खानदेशातल्या माणसाला हे सांगायला पुस्तक कशाला लागतं? मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. रानातलं काम चारला धरावं तेव्हा कुठे दहा-अकरापर्यंत उरकतं. मग दार लोटून, ओला पंचा अंगावर घेऊन चार वाजेपर्यंत पडायचं. बाजारातली दुकानंसुद्धा दुपारी अर्धं शटर ओढून घ्यायची. आळशी म्हणून आमची थट्टा करणारे पाहुणे एकदा त्या उन्हातून स्टँडवर जाऊन आले की गप्प होत. ऊन हा आमचा जुना मुकादम. तो सुटी द्यायचा आणि त्यात कोणाची रदबदली चालत नसे. आता दुकानांना एसी लागले. ती दुपार गेली, आणि तिच्याबद्दल कोणी अर्जही केला नाही.

काम आणि सुख म्हटलं की जळगावात पहिलं नाव बहिणाबाईंचं येतं, आणि त्यात काही चूक नाही. १८८० साली असोद्याला जन्म, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरी घरात, तिशीत वैधव्य, पदरात तीन मुलं, आणि पुढे १९५१ साली डोळे मिटेपर्यंत शेत आणि घर. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, रानात, चुलीपुढे जे सुचलं ते त्या म्हणत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व एक आप्त ते उतरवून घेत गेले. सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखवलं, अत्र्यांनी पाहताक्षणी त्याचं मोल ओळखलं आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने निघाली. त्या पुस्तकाला अत्र्यांची प्रस्तावना आहे. मराठीत प्रस्तावना लिहायला बसणाऱ्याने ती आधी वाचू नये, हात आखडतो.

आता उत्तर महाराष्ट्र विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. बैठकीच्या खोलीत त्यांच्या ओळी फ्रेम करून लावलेल्या असतात, लग्नपत्रिकेत असतात, सकाळच्या शुभेच्छांत असतात. आणि इथे माझी थोडी तक्रार आहे. या ओळी आपण समाधानाची गोळी म्हणून घेतो. एवढी गरिबी, एवढं दुःख, तरी बाई गात होती, मग तुला काय झालं कुरकुरायला? बहिणाबाईंनी असं कुठे म्हटलं आहे? त्या नवऱ्यामागे राहिलेल्या बाईचं जिणं सोसत होत्या आणि त्याकडे डोळे उघडे ठेवून पाहतही होत्या. पेरणीकडे, पाखराच्या घरट्याकडे, माणसाच्या लोभाकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती नजर कुरकुरीपेक्षा फार धारदार आहे. जात्यावर बसलेल्या बाईला गाणं सुचतं यात जात्याचं पुण्य काही नाही. पहाटेच्या त्या दोन तासांत तिला कोणी हाक मारत नसे, दळणाची पायली संपली की काम संपे, आणि हात चालू असले तरी डोकं तिचं तिच्याकडे राहत असे. माझ्या आईने पिठाची गिरणी आल्यावर जातं आनंदाने कोपऱ्यात लोटलं. तिच्यापुढे जात्याचं कौतुक करण्याची माझी छाती नव्हती. पण मोकळं झालेलं डोकंही त्याबरोबर गेलं, असं तीच एकदा म्हणाली होती.

बहिणाबाईंच्या गावापासून अमळनेर काही फार लांब नाही. तत्त्वज्ञानासाठी एक आख्खी संस्था उभी करणारं हे तालुक्याचं गाव. प्रताप शेठजींची तिथे कापडगिरणी होती. त्याच शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विचारवंत तिथे प्रमुख म्हणून येऊन राहिला, मलकानींनी तिथून वर्षानुवर्षं इंग्रजी त्रैमासिक चालवलं. अंतिम सत्य एक की दोन यावर बोरीकाठी वाद झडत होते आणि गिरणीचा भोंगा वाजला की पाळी सुटत होती. भोंग्यासाठी मला त्या गिरणीची आठवण येते. माझे एक मामा तिथे होते. भोंगा झाला की त्यांची सायकल घराकडे वळे आणि मग गिरणीचं कोणी त्यांना रात्री उठवत नसे. पाळीतली आठ तासांची धग, कानातला खडखडाट, कापसाची धूळ हे सगळं होतंच, मामांचा खोकला मी ऐकला आहे. गिरणी बंद पडली तेव्हा मात्र ते भोंग्याच्या वेळेला दारात येऊन उभे राहत.

या तत्त्वज्ञान मंदिरात १९२३ साली एक तरुण अभ्यासासाठी दाखल झाला आणि वर्षभरातच बाहेर पडून गावातल्या प्रताप हायस्कुलात मास्तर झाला. त्याच्याकडे वसतिगृहही आलं. हे साने गुरुजी. मुलं शाळेत गेली की त्यांच्या वळकट्या गुंडाळून ठेवायच्या, मळके कपडे धुऊन टाकायचे, कंदील पुसायचे, आणि रात्री बसून मुलांसाठी हाताने 'छात्रालय दैनिक' लिहायचं, असा त्यांचा क्रम. मुलांना ते आधी कळत नसे. नंतर कळलं तेव्हा एकेक जण आपली वळकटी आपणच गुंडाळू लागला. तत्त्वज्ञान मंदिरात त्यांना काय मिळालं असेल नसेल, त्यावर अभ्यासकांनी लिहावं. मला वळकटीत रस आहे. या पुस्तकात जिथे जिथे 'तत्त्वज्ञान' हा शब्द येईल तिथे वाचकाने ती वळकटी डोळ्यांपुढे आणावी.

अमळनेरचं सोडण्याआधी एक आडवाट. १९४५ साली तिथेच वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला, प्रेमजींचा. त्याचंच पुढे विप्रो झालं. गावातल्या साध्यासुध्या लोकांनी तेव्हा शेअर घेतले होते. ज्यांच्या ट्रंकेत ते कागद तसेच पडून राहिले, ते कोट्यधीश झाले. ज्यांनी मुलीच्या लग्नाला, घराच्या पत्र्यांना म्हणून विकले, त्यांचं लग्न झालं आणि पत्रे पडले. गावात आजही दोन्ही प्रकारच्या घरांत माझं जाणं-येणं आहे. ज्यांनी विकले त्यांच्याकडे चहाबरोबर तो विषय हटकून निघतो. विकलेल्या शेअरची आजची किंमत त्यांना तोंडपाठ असते, पण त्या पैशांतून जिचं लग्न झालं ती मुलगी सुखात आहे, हे मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. यावर एक लेख आत आहे, नावं बदलून.

धुळ्याचं सांगायचं तर तुरुंगापासून सुरुवात करायला हवी. १९३२च्या कायदेभंगात विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय, १९ जूनला अठरावा संपला. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते, त्यांनी ते सगळं लिहून घेतलं. ती 'गीता प्रवचने' आज घरोघर आहेत, पण ती धुळ्याची आहेत हे धुळ्यातल्या पोरांनाही सांगावं लागतं.

विनोबांनी तिथे कामाबद्दल जे मांडलं त्याचा गाभा असा, की बाहेरून दिसणाऱ्या कर्माला आतल्या मनाची जोड मिळाली पाहिजे. त्या आतल्या कामाला ते विकर्म म्हणतात. दोन्ही जुळलं की कामाचा भार वाटेनासा होतो, करूनही न केल्यासारखं होतं. आमच्या बँकेत एकदा प्रशिक्षणाला आलेल्या एका वक्त्याने हेच गीतेच्या नावावर सांगितलं. मन ओता, फळाची आशा सोडा. समोर मार्चअखेरचं टार्गेट डोक्यावर घेऊन बसलेले आम्ही चाळीस जण. मागच्या रांगेतून कॅशियर हळूच म्हणाला, "फळाची आशा सोडायची तर टार्गेट कशाला देता?" तो वक्ता चुकीचं सांगत होता असं नाही. विनोबा स्वतः त्या तुरुंगात होते, ऐकणारेही स्वतःहून आत आलेले होते आणि सक्तीच्या जागी आपलं मन आपलं कसं ठेवावं हा त्यांचा खरा प्रश्न होता. तेच वाक्य पंख्याखाली बसून, दुसऱ्याकडून जास्त काम काढण्यासाठी म्हटलं की त्याचा अर्थ उलटा होतो. गीता कोण कोणाला सांगतो आहे, हे आधी पाहावं, असं मी तेव्हापासून ठरवलं.

शेवट नसलेलं काम वाईटच असतं, असा मात्र कोणी अर्थ काढू नये. धुळ्यातच त्याला उत्तर आहे. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर दप्तरं धुंडाळत गावोगाव हिंडले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले, त्यांना ना भोंगा ना आखाजी. १९२६च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यात वारले आणि काही दिवसांतच लोकांनी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ काढलं. याच गावात शंकर श्रीकृष्ण देव नावाचे वकील समर्थांची हस्तलिखितं गोळा करत मठामठांतून फिरले. या माणसांना 'काम आटोपा आता' असं म्हणणं हाच त्यांचा अपमान झाला असता. फरक इतकाच की पोथी उघडायची केव्हा आणि मिटायची केव्हा हे तेच ठरवत.

पण सगळेच राजवाडे नसतात, आणि नसावेत. दहा घरांनी मिळून जगायचं असेल तर 'पुरे' कसं ठरवायचं? याचं मला माहीत असलेलं सर्वांत शहाणं उत्तर साक्रीकडे पांझरेच्या काठी आहे. फड पद्धत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या फडात ऊस, त्या फडात गहू, पुढच्या वर्षी पालट. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांच्यावर हवालदार, आणि त्यांचं मोल खळ्यावर धान्यात. कोणाला किती वेळ पाणी हे सरकारने ठरवलेलं नव्हतं, ते लाभधारकांनीच बसून ठरवायचं. काही शतकं हे चाललं.

मला त्यातली दुष्काळाची रीत फार मोलाची वाटते. पाणी कमी दिसलं की अमुक फड यंदा कोरडा ठेवायचा असं ठरे, म्हणजे तोटा सगळ्यांच्या वाट्याला. एका म्हाताऱ्या पाटकऱ्याबरोबर मी एक रात्र पाटावर काढली आहे. हातात फावडं, खांद्यावर घोंगडी. एकाची पाळी संपली की तो दोन फावडी चिखल टाकून दार बुजवी आणि पुढच्याचं दार फोडी. वाफ्यात पाणी अजून पुरतं पसरलंही नव्हतं, तेवढ्यात त्याने एका शेतकऱ्याचं दार बंद केलं. शेतकरी म्हणाला, जरा थांब ना, कोपरा राहिला. पाटकरी म्हणाला, कोपरा मुरेल. आणि खरोखरच आम्ही बांधावर बिडी संपवून उठलो तोवर पाणी आपोआप सरकत कोपऱ्यापर्यंत गेलं होतं. तो शेतकरी त्याचा चुलतभाऊ होता, हे मला सकाळी कळलं.

फडही आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. वर धरणं झाली, घरोघर विहिरी आणि मोटारी आल्या. ज्याची मोटार त्याचं पाणी. रात्रीची वीज आली की माणूस उठतो, जाते तेव्हा झोपतो, आणि आपली पाळी संपली हे सांगायला कोणी नसतं. विहीर आटली की कळतं.

आजच्या कामाची हीच गत झाली आहे, असं मी म्हणतो तेव्हा माझी मुलगी हसते. ती पुण्याच्या कंपनीचं काम जळगावच्या घरातून करते. रात्री साडेदहाला तिचा फोन वाजतो, कोणा साहेबाला अमेरिकेत सकाळ झालेली असते. पण हे फक्त तिचंच नाही. रावेर-सावद्याकडे केळीचा भाव रात्री फोनवर पाहणारा शेतकरी, 'सर्वांनी नोंद घ्यावी' असा निरोप जेवताना वाचणारी जिल्हा परिषदेची शिक्षिका, आशाताई, पोटासाठी दोन ॲपवर गाडी हाकणारा पोरगा, सगळ्यांचं दार उघडंच आहे. आमच्या घरात 'व्हई गयं' हा शब्द रोज ऐकू यायचा. भांडी पालथी घालताना आई म्हणायची, गव्हाणीत कडबा टाकून आल्यावर काका म्हणायचे. झालं, आटोपलं. मुलीच्या तोंडून तो मी ऐकलेला नाही. तिला अहिराणी येत नाही म्हणून नव्हे, येते चांगली.

मी स्वतः तीस वर्षं बँकेत काढली, बरीचशी पीककर्जाच्या टेबलावर. शेतकरी मार्चमध्ये येई, जुनं कर्ज व्याजासकट भरल्याचं दाखवायचं आणि त्याच दिवशी नवं उचलायचं. याला आमच्या भाषेत 'नवं-जुनं' म्हणतात. कित्येकदा पैसे हातात येतच नसत, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत. मी सही घ्यायचो आणि म्हणायचो, झालं काका, या आता. ते म्हणायचे, झालं का? या दोन वाक्यांतला फरक ऐकू यायला मला निवृत्त व्हावं लागलं.

हे पुस्तक वाचकाने कुठूनही उघडावं. उपदेश सापडला तर पान उलटावं, तो लिहिताना माझी नजर चुकलेली असणार. काही लेख एकमेकांशी भांडतात, ते मी मुद्दाम सारखे केलेले नाहीत. बाजेवर झोपलेल्या माणसावरचा मूळ लेख मात्र यात घेतलेला नाही. छापील वर्तमानपत्रात तो वाचकांना खूप आवडला होता, कात्रणं निघाली होती, एका शाळेत वाचूनही दाखवला गेला. माणसाने वर्षातून एक दिवस तरी कोणाचंच असू नये, असं मी त्यात मोठ्या ऐटीत लिहिलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात गावचं घर उतरवताना माळ्यावर आजोबांची चोपडी सापडली. लाल फडकं विरलेलं, पानं वाळवीने कडेला खाल्लेली, पण शाई शाबूत. मी आधी तेच वर्ष शोधलं. ज्वारी, रोख, धोतरजोडी, जोडे, घोंगडी, सगळं मला आठवत होतं तसंच होतं. खाली उचलीची यादी होती, ती मला आठवत नव्हती: बायकोचं आजारपण, बहिणीचं लग्न, बी, पुन्हा आजारपण. मागची पानं चाळली. त्याच नावाखाली अकरा वर्षं तीच रक्कम वाढत आली होती. 'सकाय सांगसू' म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सांगण्यासारखं काही नव्हतंच, आणि हे त्या सकाळी ओट्यावर बसलेल्या दोघांनाही माहीत होतं. आजोबांच्या वळणदार मोडीत शेवटच्या ओळीत दोनच शब्द आहेत. बाकी पुढे.